दुबईच्या काचेचा दाखला पुरे

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी घर बांधायचं ठरलंय आणि धाकट्या भावाने पश्चिमेची, रस्त्याकडची बाजू अख्खी काचेची पसंत केलीय. मी नको म्हटलं की उत्तर तयार, "दादा, तुझ्या दुबईत सगळं काचेचंच आहे ना?" हल्ली गावाकडे घर बांधणारा जो तो हेच ऐकवतो. जणू दुबई मी बांधली.

इथली काच चिलरवर, म्हणजे अख्खी इमारत गार ठेवणाऱ्या यंत्रावर जगते. वीज गेली तर ती इमारत दोन तासांत राहण्याजोगी उरणार नाही. आणि गावाकडे वीज किती वेळ असते, ते मी सांगायला नको. काच बसवणाऱ्या कामगारांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे, हा दाखला मात्र कुणी देत नाही. जुनी दुबई बघायची तर अल फहिदी या जुन्या वस्तीत या. प्रवाळी दगडाच्या जाड भिंती, अरुंद गल्ल्या, मधे अंगण, आणि छपरावर वारा पकडून खोलीत सोडणारे मनोरे, म्हणजे बर्जील.

म्हणून आता गावात बर्जील उभारा, असंही नाही. (एका इंजिनिअरने नकाशात शोभेचा मनोरा काढलाच होता.) इथे ऐन उन्हाळ्यात रात्रीही पारा तिशीखाली उतरत नाही, हवा दमट, म्हणून वाऱ्यासाठी एवढी धडपड. आपल्याकडे मेमध्ये दुपारी ४०, पहाटे २५. वाडा याच फरकावर चालायचा. दोन-अडीच फुटी भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, चौकातून गरम हवा वर निघून जायची, आणि माणसं माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर अंथरूण टाकायची. इथल्या मित्रांना हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढतो.

मग आई एकच शब्द बोलते, "किल्लारी." ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानंतर ती मातीच्या छपराखाली झोपलेली नाही. तिच्यापुढे वाद घालायची माझी छाती नाही. भावापुढे घालतो. माणसं दबली ती वजनाखाली. गळती थांबवायला वर्षानुवर्षं टाकलेली फूट-दोन फूट माती, आणि भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार लांब दगडच नाहीत. असे दगड घालावेत, दारं-खिडक्यांवरून सगळ्या भिंती बांधून ठेवणारा सलग पट्टा फिरवावा, छप्पर हलकं ठेवावं, हे आयएस १३८२८ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात १९९३ सालीच लिहिलेलं आहे. आपण पट्टा घ्यायचा सोडून भिंतच टाकून दिली आणि पत्रा नाहीतर उघडा स्लॅब डोक्यावर घेतला.

भाऊ म्हणतो, "राहणार आम्ही, दादा." त्याचं बरोबर आहे. नोकरी संपली की माझा इथला व्हिसा संपतो, म्हणून त्या घरात एक खोली माझी धरलीय, पण कुणी विचारलं तर तारीख सांगता येत नाही. त्याला माझ्यासारखं घर हवंय, मला आजोबांचं. पैसे मी पाठवतो हे तोंडाने कधी म्हणत नाही. मनात असतंच, आणि त्यालाही ते ऐकू येत असावं.

तर माझ्याकडून एवढंच. स्लॅब घाला, आईसाठी. त्यावर दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा. चौक ठेवा, पश्चिमेची भिंत दगडाची आणि जाड करा, तिला खिडकी लहानच ठेवा. काच उत्तरेला हवी तेवढी लावा, तिचे पैसेही मीच देईन.