पावसानं घोडा हरवला म्हणे!

रविवारी पुण्याच्या घोड्यांच्या रेसमध्ये काय झालं ते कट्ट्यावर सगळ्यांना माहीत होतं. फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागले होते तो घोडा, पाचवा आला आणि त्याच्याबरोबर बाळूचे पैसेही गेले. किती गेले ते तो सांगत नाही, पण सोमवारपासून फुल चहाऐवजी कटिंग मागतोय. आमच्या बेळगावच्या वडगावात एवढं पुरतं.

"घोडा हरला न्हाई गा, ग्राउंडनं मारलं," बाळू म्हणाला. "दुपारी पेनेट्रोमीटरचा आकडा बघूनच लावलो होतो."

"कुठला मीटर?" विठ्ठलमामांनी तंबाखू मळता मळता विचारलं.

बाळू उभाच राहिला. हवेत सळई धरली, वरून वजन सोडलं, सळई मातीत किती शिरली ते बोटांनी दाखवलं. आकडा मोठा तेवढी जमीन मऊ, ट्रॅकवर ठिकठिकाणी मोजतात, वगैरे. खरं सांगायचं तर बरोबर सांगितलं त्यानं. पण हातवारे असे, की पलीकडच्या पानटपरीवरची माणसं भांडण समजून जवळ आली.

"म्हणजे काठी खुपसून बघायची," मामा म्हणाले. "ते मी बांधावर रोज करतो. मला कोण फेटा बांधत न्हाई."

मामांची शहापूर शिवारात भातशेती. तरुणपणी घोडागाडीच्या शर्यतीत गाडी हाकायचे. आमच्यात घोड्याचा लगाम खरोखर हातात धरलेला माणूस हा एकच, पण बाळूच्या लेखी ते 'जुनं नॉलेज'.

"आकडा मऊ म्हणाला, बरं. पण मऊ कसला?" मामांनी विचारलं. "पाणी साचलेला चिखल वेगळा. खूर पडला की पाणी उडतं, खूर सुटतो. खरा मारतो तो उघडीप पडल्यावरचा, अर्धवट वाळलेला. तो पाय धरून ठेवतो. प्रत्येक पावलाला उपसायचा. हजार मीटरला एखादा रेटून नेईल, दोन हजारला तोंडाला फेस. बळ्ळारी नाल्याचं पाणी वावरातनं उतरलं की दोन दिवसांनी ये, अनवाणी चालून दाखव. मग सांग आकडा."

"मोठा घोडा कशातबी जिंकतो!" बाळूनं मोबाईल काढला. "फ्रँकेल! 14 रेस, 14 जिंकल्या. शेवटची 2012 च्या ऑक्टोबरात, इंग्लंडात अॅस्कॉटला, चिखलात!"

"किती अंतरानं?" हा सुनील. सोसायटीत कॅशियर आहे, त्याला कुठलाही आकडा अर्धवट चालत नाही.

"पावणेदोन लेंग्थ. एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी."

"आणि त्याच मैदानावर जूनमध्ये?"

बाळूनं स्क्रीन खाली सरकवली, वर सरकवली. "अकरा," म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"बघ! अकराचे पावणेदोन," मामा म्हणाले. "जगातला वाघ, त्याचंबी अंतर चिखलानं खाल्लं. तुझं पुण्याचं शिंगरू कुठल्या खात्यात?"

इथे सुनीलनं न्यायाधीश होऊन सांगितलं, की जूनची रेस मैलाची, ऑक्टोबरची सव्वा मैलाची. शिवाय दुसरा आलेला सिरुस देझेग्ल हा फ्रेंच घोडा चिखलातलाच गडी. तेव्हा सगळं खापर मातीवर फोडता येणार नाही. बरोबर आहे. पण सुनील बरोबर बोलायला लागला की कट्टा जांभया देतो, हे त्याला वीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

"मला एकच सांग," मामा बाळूकडे वळले. "पाऊस तुला एकट्यालाच दिसला काय?"

"म्हणजे?"

"टोटवर सगळ्यांचे पैसे एकाच डब्यात पडतात न्हवं? त्यातनं क्लबचं आणि सरकारचं काढून राहिलेलं जिंकणारे वाटून घेतात. चिखलाचा घोडा कुठला हे तुला कळलं, तसं सगळ्या पुण्याला कळलं. सगळे त्याच्यावरच पडले की भाव गेला. आणि पैसे लावल्यावर जो पाऊस आला, तो तर कुणालाच माहीत नव्हता. पहिल्या पावसाचे पैसे मिळत न्हाईत, दुसऱ्याचं ज्ञान मिळत न्हाई. मग तू नेमकं विकत घेतोस काय?"

बाळू गप्प. सुनीलला मात्र हुरूप आला. सप्टेंबर 2025 पासून 28 चा 40 टक्के झालेला जीएसटी, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर, असं त्यानं बोटांवर मोजायला घेतलं. कट्ट्यावरचा चौथा गडी बसू, त्यानं त्याची बोटं धरून खाली केली. "हौदप्पा, कळलं. चहा घे."

बाळूनं शेवटचा डाव टाकला. जॉकी चुकला म्हणे. रोज घोडे धावून ट्रॅकची आतली कड उखडलेली असते, तिथं पाणी मुरतं, म्हणून शहाणा जॉकी घोडा बाहेरून काढतो. ह्यानं लांबचा फेर नको म्हणून आतून घातला. शिवाय मागं पडलेल्या घोड्याच्या तोंडावर पुढच्यांच्या खुरांचा चिखल बसतो. बिचारा बुजला.

"हे कुठं तरी ऐकलंय," बसू म्हणाला. झालं! खाली म्हणजे रिकामा गाडा ओढण्याच्या शर्यतीचं जुनं मढं उकरून निघालं. बाळूच्या चुलत्याच्या बैलजोडीची चिठ्ठी शेवटची निघाली होती. मधे सर आली, आधीच्या जोड्यांनी मैदानात चाकोऱ्या पाडल्या, त्यात गाडा रुतला. पंचांशी भांडण, घरी वरण-भात न जेवता झोपणं, सगळं कट्ट्याला पाठ आहे.

"तेव्हा बोंब मारत होतास, की सकाळचं मैदान दुपारी राहत न्हाई," मामा म्हणाले.

"मग? खरंच हाय ते!"

"मग पुण्यात शेवटच्या रेसवर दुपारचा आकडा बघून कशाला लावलास, शहाण्या?"

हशा एवढा झाला, की चहाच्या गाड्यावरून शेवंताक्कांनी झारा आपटला. बाळू चिडून म्हणाला, त्याची घोड्याची नजर अजून शाबूत आहे, रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडकमध्ये चाल बघूनच तो घोडा ओळखतो.

"ओळखशील की," बसू म्हणाला. "2022 ला आपल्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला. हत्ती आणले, शाळा बंद ठेवल्या, महिनाभर कुणाला गावला न्हाई. तू मात्र फाटकातनं बोट दाखवून सांगूलतास, त्यो बघा, त्यो बघा. ते कुत्रं होतं."

ह्यावर बाळूसुद्धा हसला. मग त्यानंच सुचवलं, पुढच्या रविवारी चौघांनी शंभर-शंभर काढू, लावायचं मामांच्या डोक्यानं. मामा खूश झाले, आढेवेढे घेतले, तयारही झाले. एवढं ऐकवणारा माणूस दोन मिनिटांत कसा फिरला, हे मला विचारू नका. प्रश्न उरला, पैसे ठेवायचे कुणाकडे. बाळूकडे ठेवायला कुणी तयार नव्हतं, सुनीलकडे ठेवले तर तो पावतीपुस्तक आणणार. बसू म्हणाला, शेवंताक्कांकडे ठेवू.

"ठेवा की," अक्का वही उघडत म्हणाल्या. "आधी बाळूच्या खात्यात वळते करून घेते. उरले तर घोड्यावर लावा."