जबडा कटकट वाजतो म्हणून ऑपरेशन? थांबा जरा

कोल्हापुरात राजारामपुरी ते रंकाळा सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरालाय की जबडा वाजला म्हणजे सांधा गेला आणि कानापुढं चिरून ऑपरेशनच करावं लागतंय. असं काय नसतंय भावा. नुसता आवाज येतोय, दुखत नाही, तोंड नीट उघडतंय, तर बहुतेकदा ट्रीटमेंटच लागत नाही. दुखत असंल तर आधी मऊ खाणं (म्हणजे मटणाचं हाडूक चघळणं काही दिवस बंद, हेच आपल्याला जड जातंय), शेक, व्यायाम, गरज पडली तर स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं कव्हर. त्यानं नाहीच भागलं तर आर्थ्रोसेंटेसिस, १९९१ पासनं माहीत असलेली पद्धत, त्यात बहुतेकदा जागा बधिर करून दोन सुया घालून सांधा सलाईननं धुतात, चिरफाड नाही. पण तोंड उघडंनाच किंवा मिटंनाच झालं तर मात्र लगेच दाखवा.