उद्या बोगदा

"मामा, दहा मिनिटांचं काम आहे," असं भाचा पुण्याहून म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माझी पंचवीस वर्षं एका बँकेच्या जुनाट कोबोल प्रोग्रॅमांची डागडुजी करण्यात गेली. दहा मिनिटांची कामं किती वर्षं चालतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण नातेवाइकांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरवाला'. भाच्याने आमच्या प्रवासाच्या वेबसाइटचं नाव विकत घेऊन लग्नाच्या वाढदिवसाला भेट दिलं आणि आमच्या कालव्यावरच्या सुखी संसारात सवत शिरली.

कालवा म्हणजे ग्रँड युनियन, लंडन ते बर्मिंगहॅम, 137 मैल. निवृत्त झाल्यावर मिल्टन कीन्सचं घर भाड्याने देऊन आम्ही एक सेकंडहँड नॅरोबोट, म्हणजे राहायची अरुंद, लांबोडकी नाव, घेतली. लांबी 57 फूट, रुंदी सात फुटांहून जरा कमीच. गिरगावातल्या चाळीची गॅलरी उचलून पाण्यात सोडली तर जशी दिसेल तशी. चाळीतला संडास निदान एका जागी तरी होता. इथे त्याची टाकी भरली की स्वतः उचलून ओतायला न्यावी लागते. (त्यावर वेबसाइटवर पान करायचं नाही, अशी तंबी बायकोने पहिल्याच दिवशी दिली. सगळ्यात जास्त तेच वाचलं गेलं असतं.)

इथली वेगमर्यादा ताशी चार मैल. काठाने कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाई मागून येतात, गुड मॉर्निंग म्हणतात आणि पुढे निघून जातात. ठरलेला धक्का नसलेल्या आमच्यासारख्यांनी 14 दिवसांच्या वर एका जागी राहायचं नाही, असाही नियम आहे. पहिल्या पानाचा रंग ठरवता ठरवता माझे ते 14 दिवस संपले. नाव हलली, पान तिथेच.

नाव पोलादी असल्यामुळे आत मोबाइलचा सिग्नल येत नाही. मग मी एक जुना फोन श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातला, झाकणावर चिकटपट्टी मारली आणि डबा बांबूला बांधून छपरावर उभा केला. आमचं इंटरनेट ते हेच. मुक्कामाची जागा निवडताना बायको बगळे बघायची, मी फोनवरच्या दांड्या. एकदा विलोच्या झाडाखालची सुंदर जागा सोडून मी नाव एका गोदामाच्या मागे, टॉवरखाली लावली. "छान," बायको म्हणाली, "आता फोटो कशाचा काढणार? शटरचा?"

त्यात विजेची बोंब. थांबलेल्या नावेचं इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवायचं नाही, शेजाऱ्यांची झोप मोडते. म्हणजे रात्री जे काही करायचं ते बॅटरीवर, आणि त्याच बॅटरीवर फ्रिज. एका रात्री मी पुलांचे चाळीस फोटो चढवायला ठेवून झोपलो. सकाळपर्यंत नऊ चढले, बॅटरी बसली आणि दुधाचं दही झालं. "विरजण लावायचं विसरलेच होते," बायको म्हणाली, "तुझ्या साइटने लावलं."

पण खरी फजिती मराठीने केली. पानाचा पत्ता मी हौसेने देवनागरीत ठेवला होता. तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की प्रत्येक अक्षराची, काना-मात्रा धरून, नऊ-नऊ चिन्हं होतात: टक्का, ई, शून्य, पुन्हा टक्का, ए, चार. नुसत्या 'बोगदा' या शब्दाची पंचेचाळीस डब्यांची मालगाडी! सांगलीच्या मावशीने तातडीने फोन केला. "अरे, तुझा फोन कुणीतरी हॅक केलाय. मी काही उघडलं नाही हो. आणि सगळ्यांना सांगितलंय, उघडू नका म्हणून."

तिची समजूत काढण्यात आठवडा गेला. नंतर मात्र ती इतकी नियमित वाचायला लागली, की केवळ तिच्यासाठी मी रोज लिहू लागलो.

असे आम्ही स्टोक ब्रुअर्न या गावी पोचलो. सात लॉक (दरवाजे लावून, पाणी भरून नाव वर चढवायचे हौद) चढून आल्यामुळे कंबरेचा काटा ढिला झाला होता, तरी रात्री बसून ब्लिसवर्थच्या बोगद्यावर लिहिलं. 1805 साली खुला झालेला, 2.8 किलोमीटर लांब. आत काठ नाही, म्हणून नाव ओढणारा घोडा बाहेरून डोंगरावरून न्यायचा आणि माणसांनी पाठीवर आडवं पडून, भिंतींना पाय लावून नाव पुढे रेटायची. (माझ्या फोटोंपेक्षा वेगात जात असणार.) मथळा दिला 'उद्या बोगदा'.

सकाळी बायको म्हणाली, "आधी तो बांबू उतरव."

"दहा मिनिटांत उतरवतो," मी म्हणालो. कारण मथळ्यात उद्गारचिन्ह हवं की नको, हे ठरत नव्हतं.

बोगद्याच्या तोंडाशी खट् आवाज झाला, मग डुबुक. सत्तावन्न फुटांची नाव बोगद्यात वळवता येत नाही. वर हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांतून टकलावर गार पाणी पडत होतं आणि पुढच्या टोकावरून बायको विचारत होती, "काय पडलं रे?" पलीकडचा उजेड दिसेपर्यंत मी उत्तर दिलं नाही.

नवा फोन दुसऱ्या दिवशी आला. पण साइटच्या आत शिरायला सहा आकडी कोड लागतो. तो जुन्या नंबरवर जातो आणि त्या नंबरचं सिमकार्ड मी कधी कुणाच्या नावावर केलंच नव्हतं. "नंबर बदल ना मामा," भाचा म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे." नंबर बदलायचा तर आधी आत जावं लागतं. आत जायला कोड. कोड बोगद्यात.

याला तीन महिने झाले. आम्ही बर्मिंगहॅमला जाऊन आलो. पण साइटवर शेवटचं पान 'उद्या बोगदा' तेच आहे, उद्गारचिन्हाशिवाय. परवा मावशीचा फोन आला, आवाज अगदी खाली.

"अजून आतच आहात का रे?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं बरं. बाहेर आलात की मग लिही. उगाच अंधारात डोळ्यांना ताण देऊ नकोस."