म्हणे, पळून का नाही गेले?

आज ऑफिसात डबा खाताना एक जण मोबाइलवर अमेरिकेतल्या गुलामांबद्दलचं रील बघत होता. बघून झालं आणि म्हणाला, "चाळीस लाख होते ना? मग पळून का नाही गेले?" आणि लागला पुढच्या घासाला. मी तिथं गप्प बसलो, तो राग आता इथं निघतोय. सांभाळून घ्या.

पळून कुठं जाणार रे बाबा? १८५०च्या कायद्यानंतर गुलामगिरी नसलेल्या राज्यांतूनही पळालेल्याला धरून परत पाठवत. आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत तुरुंग. धरलेल्याला स्वतःच्या बाजूनं साक्षही देता येत नसे. निवाडा करणाऱ्याची फी? माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५. दरपत्रकच!

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या रानाशेजारी ऊसतोडीची टोळी उतरली होती. एका रात्री त्यातलं एक जोडपं आमच्या मागच्या दाराशी आलं. उचल फिटली नव्हती आणि मुकादम मारत होता. आईनं गोठा उघडला, दोघांना कडब्याच्या गंजीमागं बसवलं. सकाळी मुकादम फटफटीवरून हजर. वडील म्हणाले, "इकडं कोण नाय आलं." आणि मी शहाणा नेमका गोठ्याकडं बघत उभा. आईनं हातात कळशी देऊन मला विहिरीवर पिटाळलं.

उचल आणि ती गुलामगिरी एक नाही, मान्य. तिकडं पोटातलं पोरही मालकाचं. कमेंटमध्ये समजवायला येऊ नका. पण 'अंडरग्राउंड रेलरोड', म्हणजे पळालेल्या गुलामांना लपवत लपवत पुढं पोचवणाऱ्यांचं जाळं, म्हटलं की मला आमचा गोठाच दिसतो. त्या रेल्वेला ना रूळ, ना बोगदा. स्टेशन म्हणजे कुणाचा तरी माळा नाहीतर तळघर, आणि वाट दाखवणारा तो कंडक्टर.

हॅरिएट टबमन त्यातली. पोरवयात, मुकादमानं पळणाऱ्या दुसऱ्याच गुलामावर फेकलेलं दोन पौंडी वजन हिच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून बोलता बोलता हिला झोप लागायची. १८४९ला मेरिलँडमधून निसटली आणि, हे मला अजून झेपत नाही, परत गेली. सुमारे १३ खेपा, ७० एक माणसं. शनिवारी रात्री निघायची, कारण फरारीची जाहिरात सोमवारच्या आत छापून येत नसे.

चाळीस लाखांत हे थोडेच, हो, कबूल. म्हणून हसायचं?

एलेन क्राफ्ट रंगानं उजळ. १८४८च्या डिसेंबरात पुरुषाचे कपडे घालून आजारी गोरा मालक बनली आणि नवरा विल्यम झाला तिचा गुलाम. लिहिता येत नव्हतं, कुणी सही मागेल म्हणून उजवा हात झोळीत बांधलेला. जॉर्जियाहून फिलाडेल्फिया, चार दिवस, खऱ्याखुऱ्या रेल्वेनं आणि बोटीनं. नाताळच्या दिवशी पोचले.

त्याच फिलाडेल्फियात विल्यम स्टिल येणाऱ्यांच्या हकिकती लिहून ठेवायचा. एकदा समोर बसलेला माणूस त्याचाच, आईपासून तुटलेला थोरला भाऊ निघाला. हे लिहितानाही गलबलतं.

आणि गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली, १८७३ साली, याच पुण्यातून. दीडशे वर्षांनी त्याच पुण्यात डबा खाता खाता हा प्रश्न. जाऊ दे.

मघाशी आईला फोन केला. म्हटलं, "त्या बाईचं नाव काय होतं गं?"

"नाव कशाला विचारतीय मी? ठाऊक असतं तर तोंडातनं गेलं असतं."

जरा थांबली आणि म्हणाली, "माझं हिरवं लुगडं नेसवून धाडली होती तिला. मुकादमानं लाल पातळात बघितलेली ना."