'फेसिंग द जायंट्स' आणि समीक्षकांचे आकडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया मनापासून लिहिली आहेत, तेव्हा उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात 'फेसिंग द जायंट्स' हा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघावरचा ख्रिस्ती चित्रपट दाखवला, मुलं हेलावून गेली. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षकांचा आकडा मात्र विसाच्या आत आणि प्रेक्षकांचा ऐंशीच्या वर, म्हणजे समीक्षकांना श्रद्धेचंच वावडं आहे आणि या चित्रपटावर लिहिताना मी त्यांची री ओढली. शिवाय खेळाच्या सगळ्याच चित्रपटांत शेवटी संघ जिंकतो, मग इथेच नाकं का मुरडायची?

आधी आकड्यांचं बघू. रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. किती समीक्षकांचा कौल अनुकूल, एवढीच ती मोजणी. दहाही जणांना चित्रपट 'बरा' वाटला तरी शंभर टक्के, आणि दहाही जणांना 'थोडक्यात फसला' वाटला तरी शून्य. त्यामुळे माफक नाराजी तिथे तिरस्कारासारखी दिसते. प्रेक्षकांचा आकडा येतो तो बहुधा आवडीने चित्रपट पाहून आपणहून मत नोंदवणाऱ्यांकडून, आणि अशा श्रद्धापर चित्रपटांची तिकिटं तर बऱ्याचदा चर्चमधून गटागटाने आधीच घेतली जातात. सिनेमास्कोअर या अमेरिकी पाहणी कंपनीचे लोक पहिल्या खेळांना थिएटरवरच प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेतात. 'वुडलॉन' (2015) या अशाच फुटबॉलवरच्या श्रद्धापर चित्रपटाला तिथे ए प्लस, म्हणजे सर्वोच्च शेरा मिळाला, तरी त्याची कमाई दीड कोटी डॉलरच्या आतच राहिली. आलेले खूश होते, पण जे आलेच नाहीत त्यांचं मत त्या शेऱ्यात नाही.

आता वावड्याचं. 'चॅरियट्स ऑफ फायर'ला (1981) सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. त्याच्या केंद्रस्थानी धावपटू एरिक लिडेल आहे, प्रभुवाराला (रविवारी) धावणार नाही म्हणून 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमधली 100 मीटर सोडणारा. पुढे 400 मीटरमध्ये त्याने 47.6 सेकंदांत सुवर्ण मिळवलं, पण सोडलेली शर्यत त्याला परत मिळाली नाही, ती हॅरल्ड अब्राहम्सने जिंकली. अमेरिकन फुटबॉलपटू कर्ट वॉर्नरवरचा 'अमेरिकन अंडरडॉग' (2021) तर उघड श्रद्धावंतांनी बनवलेला. तिथे कर्टच्या जोडीदाराच्या, ब्रेंडाच्या, आईवडिलांचा टोर्नेडो वादळात बळी जातो आणि ती कोलमडते. प्रार्थनेने ते परत येत नाहीत. या चित्रपटाच्या बाजूने सुमारे तीन-चतुर्थांश समीक्षक होते. श्रद्धेचंच वावडं असतं तर हे झालं नसतं.

'फेसिंग द जायंट्स'मध्ये एक गोष्ट समीक्षकांनी पुरेशी जोखली नाही, असं माझं ठाम मत आहे. जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या शेरवुड बॅप्टिस्ट चर्चने स्वयंसेवकांना घेऊन सुमारे एक लाख डॉलरमध्ये हा चित्रपट केला आणि त्याने एक कोटीवर कमाई केली. अभिनय कच्चा आहे, खरंच. पण सरावाचं ते 'डेथ क्रॉल'चं दृश्य पुन्हा पाहा. संघातल्या ब्रॉकने शुक्रवारचा सामना मनातल्या मनात हरून टाकलेला आहे. प्रशिक्षक त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो, पाठीवर 160 पौंडांचा, म्हणजे सुमारे 72 किलोंचा सहखेळाडू जेरेमी, आणि गुडघे जमिनीला न टेकवता हातापायांवर पुढे जायचं. पट्टी कशासाठी? 50 यार्डांची, म्हणजे मैदानाच्या मध्याची रेघ दिसली की तो तिथेच थांबेल म्हणून. प्रशिक्षक शेजारी गुडघ्यांवर येऊन ओरडत राहतो, टिवल्याबावल्या करणारी पोरं हळूहळू उभी राहतात, आणि पट्टी सुटते तेव्हा ब्रॉक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो. इथे प्रत्येक यार्डाचं मोल त्याच्या दंडांनी चुकवलेलं दिसतं. कसलेल्या दिग्दर्शकालाही हे सहज जमत नाही.

मग बिनसतं कुठे? प्रशिक्षक मुलांना शिकवतो की जिंकलो तरी देवाची स्तुती करू, हरलो तरी करू. फार मोठी गोष्ट आहे ही. पण बाद फेरीत संघ हरतो तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी अपात्र खेळाडू उतरवल्याचं निघतं, आणि हरलेला संघ पुढच्या फेरीत! प्रशिक्षकाच्या बायकोला, ब्रूकला, गर्भधारणेची चाचणी नकारात्मक आल्याचं सांगतात. ती रडत बाहेर येते, तरीही तुझ्यावर प्रेम करीन असं देवाला म्हणते, आणि मागून नर्स धावत येते, कागद दुसरीचा होता म्हणून. दोन्हीदा हार हातात पडते आणि तिच्यासोबत जगायची वेळ येण्याआधीच काढून घेतली जाते. वचन दिलं, पण त्याची परीक्षाच झाली नाही.

'सगळेच जिंकतात' याचं उत्तरही यातच आहे. अंतिम सामना ठरवणारी शेवटची किक 51 यार्डांची. किकसाठी चेंडू डाव सुरू होतो त्या रेषेच्या साधारण सात यार्ड मागे ठेवतात आणि गोलखांब गोलरेषेच्या दहा यार्ड पलीकडे, म्हणजे डाव गोलरेषेपासून 34 यार्डांवर अडलेला. शाळकरी मुलासाठी हे अंतर प्रचंड. एरवी अशा प्रसंगी तंत्र, सराव, समोरच्याची चूक असं काही कारण पटकथेने पेरलेलं असतं. इथे ऐन वेळी वारा फिरतो. त्या मुलाने गाळलेला घाम बाजूलाच पडतो आणि प्रार्थना म्हणजे गुणफलक हलवायची कळ होऊन बसते. समीक्षकांची तक्रार बहुतांशी हीच होती, आणि श्रद्धावंतालाही ती बोचायला हवी. घरच्या ब्रूकला धावत येणारी नर्स कधीच भेटली नाही, अशी जोडपी प्रत्येक मंडळीत आहेत.

या चित्रपटाला 2006 साली अमेरिकेत मिळालेल्या पीजी (मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन सुचवणाऱ्या) प्रमाणपत्राचा दाखलाही तुम्ही दिलात. धार्मिक आशयामुळे ते मिळालं असं निर्मात्यांच्या बाजूने सांगितलं गेलं, प्रमाणपत्र मंडळाने ते नाकारून वंध्यत्वासारख्या विषयांकडे बोट दाखवलं. काहीही असो, प्रमाणपत्र देणारं मंडळ वेगळं आणि समीक्षक वेगळे.

तरुण संघात पुन्हा दाखवणार असाल तर ब्रूक दवाखान्याबाहेर येते तिथे, नर्स दिसायच्या आधी, चित्रपट थांबवा. बायबलमधलं हबक्कूक 3:17-18 वाचा, अंजिराचं झाड न फुललं तरी देवाठायी आनंद करीन असं म्हणणारं वचन, आणि मुलांना विचारा की गोष्ट इथेच संपली तर ब्रूक उद्या सकाळी काय करेल. अर्धा तास तरी बोलू द्या, मग उरलेला भाग लावा. आणि 'डेथ क्रॉल' कोणाला करायला लावू नका. सवय नसलेल्याच्या पाठीवर 72 किलो टाकले की मनगटं आणि कंबर आधी जाते.