फ्रेटची टोकं आणि कंपनीचं उत्तर

गिटारच्या फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं हाताला बोचतात म्हणजे कारागिरीच वाईट, असं गिटारवरच्या एका लेखात म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. हवा कोरडी झाली की फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीचं, लाकूड आकसतं, धातूचा फ्रेट तेवढाच राहतो आणि टोकं बाहेर येतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

माझ्या गिटारचं दुखणं मात्र कारखान्यातलंच होतं. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ, त्यामुळे तारा जास्त उंच. मोकळ्या तारा सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर अगदी बरोबर, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की सूर चढायचा. गिटारच्या कंपनीला फोटो, व्हिडिओ सगळं पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'तारा बदलून बघा.' अहो, खाचच उथळ असेल तर नव्या तारांनी काय फरक पडणार! फार वाईट वाटलं. शेवटी एका कारागिराने बारीक कानस फिरवून अर्ध्या तासात काम केलं.