गाडीला शंभर ताप

आमच्या जुन्या गाडीत तापमानाची सुई होती. एकदा मधोमध आली की घर गाठेपर्यंत जागची हलत नसे. मेहुण्याने मला सांगितलं की ही सुई थापाडी असते. बऱ्याच गाड्यांत कूलंट (इंजिनात फिरून ते गार ठेवणारा द्रव) साधारण ७५ ते १०५ अंशांत कुठेही असलं तरी ती मधलीच जागा धरून बसते, चालवणाऱ्याने उगीच घाबरू नये म्हणून. नव्या टर्बो पेट्रोल गाडीत तर सुईच नाही. इंजिन गार असलं की निळा दिवा, पार हाताबाहेर गेलं की लाल. मधला सगळा प्रवास देवावर हवाला.

मेहुण्याला ते बघवेना. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटात एक छोटं यंत्र खुपसलं, ब्लूटूथने फोनला जोडलं आणि फोन आपल्या बहिणीच्या हातात दिला. तेव्हापासून आमच्या गाडीत गाणी लागत नाहीत, आकडे लागतात.

मे महिना, वेंगुर्ल्याहून बेळगाव. डिकीत आंब्याच्या पेट्या, मागे आई आणि मेहुणा. सावंतवाडीपर्यंत "नव्वद... एक्क्याण्णव... नव्वद" असं झोप आणणारं कीर्तन चाललं होतं. कूलंटचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट आपलं काम चोख करत होता. आंबोलीचा घाट लागला आणि बायकोचा आवाज चढू लागला.

"सत्त्याण्णव! अहो, नव्व्याण्णव!"

यात गाडीचा काही गुन्हा नव्हता. चढावर टर्बो, म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतो, त्यातून जाणारा धूर आठ-नऊशे अंशांचा, आणि त्याच्या बेअरिंगला गार ठेवायचं कामही याच कूलंटकडे. त्यात एसी चालू, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या रेडिएटरच्या नशिबी एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरचा उष्टा वारा. पण कूलंट दाबाखाली असतं, ते शंभराला उकळत नाही. हे मी समजावून सांगितलं. आईने फक्त "शंभर" ऐकलं.

"गाडीक शंभर ताप? मगे थांबव आणि पट्टी ठेव कपाळार!"

बायकोने एसी बंद केला. मेहुण्याचं तेवढ्याने भागेना. "भावोजी, हीटर लावा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच."

शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं, हेच दुर्दैव. मे महिन्यात, दुपारी, कोकणातल्या चढावर आम्ही चार माणसं हीटर लावून बसलो. काचा खाली केल्या तर पुढच्या एसटीचा धूर आत. आईने पदराने वारा घेत मेहुण्याकडे असं पाहिलं की त्याने पुढची तीन वळणं खिडकीबाहेरच बघितलं. इंजिन दोन अंशांनी उतरलं. आमचं माहीत नाही, आम्हाला सॉकेट नाही.

आंबोलीला टपरीपाशी गाडी लावून मी इंजिन लगेच बंद केलं, चावी तेवढी चालू ठेवली.

"एकशे चार! अहो, बंद केल्यावर वाढतंय!"

वाढणारच. इंजिनबरोबर पंप थांबला, धातूतली धग आत उरलेल्या कूलंटमध्ये उतरली. वर पंखा आपोआप घोंगावू लागला. बंद गाडीचा पंखा फिरतोय म्हटल्यावर माणसं जमली.

"पाणी मारा ओ तिच्यार!"

"झाकाण उघडा आधी!"

तापलेलं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. म्हणून मी बॉनेटवर हात ठेवून राखणदारासारखा उभा राहिलो. बॉनेटही तापलेलं होतं. एक टेम्पोवाला तेवढा कामाचं बोलला, "चढ संपलो की दोन मिनटां चालू ठेवायची, मगे बंद." आणि त्याने डिकीकडे बघत विचारलं, "देवगड काय?"

मी आकडा बघत होतो. एकशे एक, अठ्ठ्याण्णव, पंचाण्णव. नव्वदला आल्यावर मागे वळून पाहिलं, तर आई चहा पीत होती आणि डिकीत एक पेटी कमी होती. भाव चांगला मिळाला म्हणाली. ती पेटी मेहुण्याच्या साहेबांसाठी बाजूला काढलेली होती, हे बेळगावात डिकी उघडल्यावर निघालं.